हातात किती, हवेत किती

आमच्या अत्ती चौथीपर्यंत कन्नड शाळेत गेल्या. मी सून होऊन या घरात आले तेव्हा मला "ऊटा आतेन्री?" यापलीकडे कन्नड येत नव्हतं आणि त्यांचं मराठी भाजीवालीशी घासाघीस करण्यापुरतं होतं. पण हिशेबात आमचं दोघींचं पहिल्या महिन्यापासून जमलं. महिनाअखेरीला दुधाच्या कार्डावर नाहीतर भिशीच्या वहीवर बोट ठेवून त्या दोनच प्रश्न विचारायच्या. "एष्ट बंतु?" म्हणजे किती आले. आणि उत्तर मिळालं की लगेच, "इन्नू एष्ट बेकु?" अजून किती हवेत. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला कधी चालत नाही, हे मला वीस वर्षं भिशी चालवूनही नीट कळलं नव्हतं. ते कळलं २०२३ साली, आणि तेही मुलांच्या परीक्षांवरून.

आमच्या वेळी असली भानगडच नव्हती. मी बेळगावात शिकले, तेव्हा आमची कॉलेजं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाखाली. वर्षभर काय केलंत ते कुणी विचारत नसे. उन्हाळ्याच्या तोंडावर परीक्षा, आणि पुढे निकाल लागला की पेपरात बारीक टायपात छापलेल्या नंबरांत आपला नंबर शोधायचा. सापडला तर पेढे, नाही सापडला तर आई परत एकदा वरपासून बोट फिरवायची. परीक्षेच्या आदल्या रात्री आपण कुठे उभे आहोत हे कळायला काही मार्गच नव्हता, कारण आपण कुठेच उभे नसायचो. पाटी कोरी.

आताच्या मुलांची पाटी कोरी नसते. शेवटच्या पेपरला बसायच्या आधीच त्यांच्या नावावर काहीतरी जमा झालेलं असतं. चाचण्या, असाइनमेंट, प्रात्यक्षिक, सेमिनार. कुठे शंभरातले वीस, कुठे तीस, कुठे थेट पन्नास. म्हणजे पासबुक आधीच उघडलेलं आहे. पण ते वाचतो कोण?

आधी आमच्या घरातलंच सांगते. धाकटा चिरंजीव इंजिनिअरिंगला. आपल्या बेळगावातच १९९८ पासून व्हीटीयूचं मुख्यालय आहे, त्यामुळे आम्हा बेळगावकरांना त्या विद्यापीठाचं सगळं आपोआप समजतं असा आमचा एक गोड गैरसमज असतो. २०२१ साली ज्यांनी प्रवेश घेतला त्यांना नियम असा की, विषयाचे पन्नास गुण कॉलेजच्या अंतर्गत मूल्यमापनाचे आणि पन्नास शेवटच्या परीक्षेचे. शेवटचा पेपर शंभराचा असतो, पण त्याचे निम्मे करून पन्नासात धरतात. पास व्हायला एकूण शंभरात चाळीस हवेत.

तिसऱ्या सेमिस्टरला एका विषयात स्वारीला अंतर्गत ५० पैकी ४४ मिळाले. झालं. "आई, चाळीस लागतात, माझ्याकडे चव्वेचाळीस आहेत की. कोरा पेपर दिला तरी पास!" असं म्हणून तो विषय त्यानं कपाटात ठेवला आणि बाकीच्यांच्या मागे लागला. मलाही पटलं. ४४ हे ४० पेक्षा जास्त आहेत, यात न पटण्यासारखं काय आहे? मी तर शेजारी सांगितलंसुद्धा.

निकाल आला. शंभराच्या पेपरात ३१. त्याचे निम्मे साडेपंधरा, धरले १६. एकूण ४४ आणि १६, साठ. आणि पुढे शेरा, नापास.

आम्ही आधी समजलो यंत्राची चूक झाली असणार. साठ गुण आणि नापास? मग त्याच्याच मित्रानं नियमाचा कागद काढून दाखवला. चाळीसची अट एकूण बेरजेला आहेच, पण त्याखेरीज दोन अटी वेगळ्या आहेत. अंतर्गतमध्ये पन्नासात किमान २० हवेत, नाहीतर शेवटच्या परीक्षेला बसताच येत नाही. आणि शेवटच्या परीक्षेत किमान ३५ टक्के, म्हणजे पन्नासात १८ हवेत. याचे १६. दोन गुणांनी गेला. कागद पहिल्या दिवसापासून त्याच्या फोनमध्ये होता. दोष द्यायला कुणी सापडेना, म्हणून दोन दिवस घरात आम्ही एकमेकांवरच चिडलो.

अत्ती खुर्चीत बसून ऐकत होत्या. म्हणाल्या, "एष्ट बंतु अंत केळ्दा. एष्ट बेकु अंत केळ्लिल्ला." किती आले ते यानं विचारलं, किती हवेत ते नाही विचारलं. एवढं बोलून त्यांनी जपाची माळ घेतली.

ही ठेच ताजी असतानाच, एप्रिलमध्ये, मला बालाघाटला जावं लागलं.

बालाघाटचं नाव आपल्याकडे फारसं कुणी काढत नाही, म्हणून थोडं सांगते. नणंदेचे यजमान मूळचे तिकडच्या वारासिवनी भागातले. शिकायला बेळगावात होते, आमच्या शेजारच्या वाड्यात खोली घेऊन राहायचे, त्यातून पुढचं सगळं झालं. कोल्हापूरहून महाराष्ट्र एक्स्प्रेसनं गोंदियापर्यंत एक दिवसाहून जास्त प्रवास, आणि तिथून चाळीसेक किलोमीटरवर बालाघाट. वैनगंगेच्या काठचं गाव. एका बाजूला भरवेलीची मँगनीजची खाण, दुसऱ्या बाजूला धानाची शेतं. तिथल्या चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालं. नणंद दर दिवाळीला पाठवते, आणि आमच्या अत्ती त्याचा चित्रान्न करतात. बाजारात हिंदी, घरात मराठी, शेतावर पोवारी. आपल्यासारखंच. १ नोव्हेंबर १९५६ ला आपलं बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं, त्याच दिवशी तोवर नागपूरबरोबर एका प्रांतात असलेलं बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं आणि नागपूर मुंबई राज्यात आलं. आमच्या नणंदेनं त्या अर्थी एका सीमेवरून उठून दुसऱ्या सीमेवर संसार मांडला. विद्यापीठांचंही तसंच जुळतं बघा. आपल्या कॉलेजांना २०१० पासून राणी चन्नम्मा, त्यांच्या कॉलेजांना कैक वर्षं जबलपूरची राणी दुर्गावती. आता मात्र त्यांचं विद्यापीठ छिंदवाड्याचं आहे, राजा शंकर शाह यांच्या नावाचं.

मी गेले होते नणंदेच्या भेटीला. घरात पाऊल टाकलं तर भाचीचा चेहरा उतरलेला. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, अर्थशास्त्र मुख्य विषय. हिवाळ्यात तिला टायफॉइड झाला होता, तीन आठवडे अंथरुणात. त्या दिवसांत एक चाचणी बुडाली. आता वार्षिक परीक्षा तोंडावर, आणि पोरगी म्हणते, "मामी, माझं तर गेलं समजा. त्या पेपरले मी बसतच नाही."

नणंदेचे यजमान मनानं चांगला माणूस. मुलीवर जीव आहे. पण त्यांचं म्हणणं, "तब्येत बरी नव्हती तिची. यंदा राहू द्या, पुढच्या वर्षी देईल." नणंद मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि कन्नडमध्ये बोलायला लागली, म्हणजे घरात दुसऱ्या कुणाला कळू नये अशी गोष्ट. कटंगीकडून एक स्थळ आलेलं होतं. मुलगी शिकते आहे म्हणून थांबा, असं आजवर सांगता येत होतं. वर्ष मोकळं गेलं तर काय सांगणार? "वैनी, मुंदिन वर्ष अंद्र मुगित." पुढच्या वर्षी म्हटलं की संपलं. आणि पोरीला तर शिक्षिका व्हायचं होतं.

मी अर्थशास्त्रातली कुणी नाही. पण भिशी चालवलेली बाई आहे. रात्री जेवणं झाल्यावर मी भाचीला विचारलं, तुला त्या पेपरात नेमके किती हवेत? तिनं पटकन सांगितलं, ८३ टक्के. कसे? तर म्हणाली, मला ६० टक्के पाहिजेत. अंतर्गत ३० गुणांचं आहे, त्यात चाचणी बुडल्यामुळे मला अकराच्या आसपास पडतील, म्हणजे ३७ टक्के. ३७ आणि ८३ ची सरासरी साठ. आणि ८३ टक्के मला जन्मात पडले नाहीत, मामी.

बघा, किती व्यवस्थित चूक! गणित बरोबर, उत्तर बरोबर, पण रीत चुकलेली. तीस गुणांच्या भागाला आणि सत्तर गुणांच्या भागाला तिनं सारखं वजन दिलं. म्हणजे पावशेर दाणे नि सेरभर गूळ यांच्या भावांची सरासरी काढून लाडवाची किंमत ठरवण्यासारखं झालं. अशी बेरीज टक्क्यांत करायचीच नाही. गुणांत करायची. शंभरात साठ हवेत. अकरा हातात आहेत. उरले ४९, आणि ते सत्तरातून आणायचे आहेत. सत्तरात ४९ म्हणजे ७० टक्के. ८३ कुठे आणि ७० कुठे.

पण अकरा हे तरी खरे आहेत का? तिला कुणी सांगितलं होतं? मैत्रिणीनं. मैत्रिणीला कुणी? तिच्या भावानं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला घेऊन कॉलेजवर गेले. मी फाटकापाशी चहाच्या टपरीवर बसले आणि तिला एकटीला आत पाठवलं. मामी बरोबर आली म्हटलं की सरांनाही अवघड होतं. वीस मिनिटांनी बाहेर आली. सरांनी रजिस्टर उघडून दाखवलं होतं. अकराच. पण सर असंही म्हणाले म्हणे, की तू विचारायला आलीस ते बरं झालं, वर्गातलं कुणी येतच नाही. मला तर यात नवल वाटलं नाही. आपण डॉक्टरलाही रक्ताचा रिपोर्ट विचारायला घाबरणारी माणसं.

दुपारी किराणाच्या पावतीच्या पाठीवर आम्ही तीन आकडे लिहिले. पहिला, पास होण्यापुरता. शंभरात ३५ धरले तर ११ वजा करून २४. मला मात्र आमच्या चिरंजीवांची आठवण झाली, म्हणून दोन्ही भागांत वेगवेगळे ३५ टक्के मागितले तर काय, तेही काढलं. तीसातले साडेदहा, तिचे ११ आहेत. सत्तरातले साडेचोवीस. म्हणून पहिला आकडा २५ लिहिला. नियम कुठूनही आला तरी ती त्याच्या वरच राहील.

दुसरा आकडा पन्नास टक्क्यांचा. हा का, तर बी.एड.च्या प्रवेशाला पदवीत किमान ५० टक्के लागतात. हा नियम साऱ्या देशाला सारखा, राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेचा, आणि तो एका पेपराला नाही, सगळ्या पदवीला मिळून आहे. तरी आम्ही या एका पेपरापुरते पन्नास धरले. ५० वजा ११, ३९. तिसरा आकडा साठचा, ४९.

मग मी विचारलं, गेल्या वर्षी अर्थशास्त्राच्या दोन पेपरांत सत्तरपैकी किती पडले होते? म्हणाली, ४१ आणि ४४.

पावतीवर २५, ३९, ४९ लिहिलेले. त्यांच्या शेजारी तिनं स्वतःच ४१ आणि ४४ लिहिले आणि बराच वेळ काही बोलली नाही.

संध्याकाळी बेळगावला फोन लावला. भाचीचं कन्नड मोडकं, अज्जीचं मराठी मोडकं, पण त्या दोघींचं फोनवर फार छान चालतं. अज्जीनं पहिला प्रश्न विचारला, एष्ट बंतु? "हन्नोंदु." अकरा. मग दुसरा, इन्नू एष्ट बेकु? पोरीनं तिन्ही आकडे सांगितले. आणि अज्जी म्हणाली, "हेदरब्याड. लेक्का माड." घाबरू नको, हिशेब कर. मी फोन तिच्या वडिलांच्या हातात दिला. जावयाशी त्या काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. जावई नुसते "हो आई, हो आई" म्हणत होते. नंतर ते पावती हातात घेऊन बाहेर ओट्यावर बसले. रात्री म्हणाले, "एकोणचाळीस पडतील तिले. बसू द्या."

उरलेल्या दिवसांत एक गोष्ट आणखी लक्षात आली, ती तुमच्याही घरात असेल. पोरगी रात्र रात्र जागत होती, पण कशासाठी? तर व्यावसायिक विषयाच्या वहीत रंगीत पेननं शीर्षकं काढायला. तो विषय ४ क्रेडिटचा. अर्थशास्त्राचा पेपर ६ क्रेडिटचा. त्यांच्या वर्षाला एकूण ४० क्रेडिट असतात. आता हे क्रेडिट म्हणजे काय, तर विषयाचं वजन. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दहा गुणांच्या पद्धतीत सर्वोत्तम श्रेणीला १०, त्याखालच्या ए प्लसला ९, मग ए ८, बी प्लस ७, असं उतरत पी ला ४, आणि नापासाला शून्य. प्रत्येक विषयाच्या श्रेणीचा आकडा त्याच्या क्रेडिटनं गुणायचा, सगळ्यांची बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटनं भागायचं. एवढंच ते एसजीपीए. सहा क्रेडिटच्या विषयात एक पायरी वर चढलात तर वर्षाच्या सरासरीत ०.१५ ची भर पडते, चार क्रेडिटच्या विषयात ०.१० ची. म्हणून रंगीत पेनं मी उचलून नणंदेच्या कपाटात ठेवली. पोरगी रागावली, पण दोनच दिवस.

तुम्ही म्हणाल, हे सगळं मोठ्या भावंडांना विचारलं की कळतं. नाही कळत, आणि आपल्याकडे तर मुळीच नाही. कर्नाटकात २०२१ साली नवं धोरण आलं तेव्हा बी.ए., बी.कॉम.च्या मुलांना शेवटच्या परीक्षेचे ६० आणि अंतर्गत ४० अशी वाटणी होती. २०२४-२५ पासून राज्यानं ते धोरण बाजूला ठेवून तीन वर्षांची पदवी परत आणली, आणि वाटणी ८० आणि २० ची केली. म्हणजे एकाच घरातल्या, एकाच कॉलेजातल्या दोन बहिणी. थोरलीला चाळीस गुण आधीच हातात असत, धाकटीला जास्तीत जास्त वीस. थोरली सांगणार, "अगं, इंटर्नल चांगलं आहे ना, मग काय भीती?" आणि धाकटी तेवढ्यावर निवांत बसणार. मध्य प्रदेशातही तसंच. तिथे २००८ साली सेमिस्टर आलं, २०१७ साली पदवीला ते काढून परत वार्षिक परीक्षा आल्या. आणि आपल्या सीमेवरच्या घरांत तर एक पोर बेळगावात, एक कोल्हापूरला, एक धारवाडला, प्रत्येकाचं पासबुक वेगळ्या बँकेचं. ज्याचा त्याचा, त्याच वर्षाचा नियम उघडून वाचायचा. शेजारणीचा चालत नाही. हे मी शेजारी सांगून बसलेली बाई तुम्हाला सांगते आहे.

आणखी एक, अंतर्गत गुण कळलेच नाहीत तर? पुष्कळदा लावत नाहीत, किंवा उशिरा लावतात. तेव्हा आम्ही भिशीत करतो तेच करायचं. ज्या बाईचा हप्ता आलेला दिसला नाही, तो आला नाही असं धरून वही मांडायची. म्हणजे माहीत असलेलेच गुण हातात धरायचे, बाकी शून्य, आणि त्यावरून किती हवेत ते काढायचं. नंतर जास्त निघाले तर कुणाचं काय बिघडतं?

मी मे महिन्याच्या आधीच परतले. धाकट्यानं तो राहिलेला विषय पुढच्या वेळी परत दिला. या वेळी कपाटावर आतल्या बाजूनं एक चिठ्ठी चिकटवली होती, '१०० पैकी ३५, त्याखाली नाही'. पेपरात ५२ पडले. तो काही त्याबद्दल बोलत नाही, आम्हीही काढत नाही.

बालाघाटचा निकाल लागला तेव्हा फोन भाचीनंच केला, आणि मामीला नाही, थेट अज्जीला. सत्तरपैकी ४३. अकरा नि त्रेचाळीस, चोपन्न. साठ नाही झाले. थोडी खट्टू होती, पण पुढच्या वर्षाची पुस्तकं आणून झाली होती. २०२४ साली पदवी घेतली, पुढे बी.एड.ला गेली. कटंगीच्या स्थळाचं लग्न दुसरीकडे झालं, आम्हाला पत्रिका आली होती.

अत्तींनी मात्र त्या दिवशी फोन ठेवल्यावर मला जवळ बसवून घेतलं. त्यांना एक गोष्ट काही केल्या उलगडत नव्हती. आमचा साठ गुण मिळवून नापास आणि ती चोपन्नवर पास, हे कुठलं गणित? मी परत पहिल्यापासून सगळं सांगितलं, मराठीत, मग कन्नडमध्ये. पन्नासातले अठरा, सत्तरातले पंचवीस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाल्या, दुधाचं कार्ड आण, या महिन्यात त्यानं दोन दिवस कमी घातलंय.